चार तासांच्या आत यायचंय, इंजेक्शनं घेऊ का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ४१, वजन ७२ किलो, पुण्यात आयटीत नोकरी, शाकाहारी. चार वर्षांपासून पळतो, आठवड्याला साधारण ४५ किलोमीटर. हाफ मॅरेथॉनचा माझा सर्वोत्तम वेळ १ तास ५० मिनिटं. गेल्या जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन ४ तास १२ मिनिटांत संपवली. पहिला हाफ १:५६, दुसरा २:१६. तिसाव्या किलोमीटरनंतर पाय जड होतात ते होतातच. वाटेत दोन एनर्जी जेल (पळताना घ्यायचा साखरेचा घट्ट पाक) घेतली होती. झोप साडेपाच तास मिळते. जिममधल्या ट्रेनरच्या सांगण्यावरून एका रविवारी २८ किमी पळून आल्यावर दुपारी टेस्टोस्टेरॉन तपासलं, ते ३१८ आलं. तो म्हणतो 'लो' आहे. त्याने बारा आठवडे दर आठवड्याला २५० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेट, शेवटचे सहा आठवडे ईपीओ (लाल रक्तपेशी वाढवणारं हार्मोन) आणि रिकव्हरीसाठी ग्रोथ हार्मोन असा कोर्स सुचवलाय. सगळे घेतात म्हणे. मी काही पदकाला जात नाही, मग यात कोणाचं नुकसान? थोड्या डोसने कितीसा धोका असणार? आम्ही दुसऱ्या मुलाचा विचार करतोय. पत्नीला यातलं काही सांगितलेलं नाही. खरं सांगा, उपयोग होतो का?

उत्तर:

तुम्ही आकडे दिलेत हे फार बरं केलंत. त्यांच्यामुळे हवेत बोलावं लागत नाही.

'ही औषधं म्हणजे नुसती फसवणूक, त्यांचा काही परिणाम होत नाही' असं मी सांगणार नाही. ते खोटं ठरेल, आणि उद्या जिममध्ये कोणाचे दंड फुगलेले दिसले की तुमचा माझ्यावरचा विश्वास उडेल. टेस्टोस्टेरॉनने स्नायू वाढतात. १९९६ साली अमेरिकेत निरोगी पुरुषांना दहा आठवडे दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम देऊन पाहिलं गेलं. औषध आणि वजनांचा व्यायाम दोन्ही करणाऱ्यांचं चरबी सोडून उरणारं वजन सरासरी सहा किलोंनी वाढलं. नुसता व्यायाम करणाऱ्यांचं दोन किलोंच्या आसपास वाढलं, आणि व्यायामाला हातही न लावता फक्त औषध घेणाऱ्यांचं तीन किलोंहून जास्त.

आता हा फायदा तुमच्या शर्यतीत आणून पाहा. पळताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी खर्च होते. अंगावर तीन किलो स्नायू चढले, तर बेचाळीस किलोमीटरमध्ये सव्वाशे कॅलरी जास्त जाळाव्या लागतील, म्हणजे तुमचा साठा आणखी लवकर संपेल. पॉवरलिफ्टरला जे हवं असतं, तेच तुम्हाला पेडर रोडच्या चढावर ओझं होईल.

मॅरेथॉनसाठी विचार करण्याजोगं औषध यातलं एकच, ते म्हणजे ईपीओ. लाल पेशी वाढवणारं हे हार्मोन मूत्रपिंडात तयार होतं, आणि किडनीच्या रुग्णांना ते इंजेक्शनने देतात. यावरचे दोन अभ्यास शेजारी ठेवून पाहायला हवेत. पहिल्यात स्कॉटिश आणि केनियन धावपटूंना चार आठवडे ईपीओ दिलं. स्कॉटलंडच्या गटाचा तीन किलोमीटरचा वेळ ११:०८ वरून १०:३० वर आला, म्हणजे जवळपास सहा टक्के सुधारणा. भरघोस वाटते. पण त्यात खोटं इंजेक्शन दिलेला तुलनेचा गट नव्हता. आपल्याला काय टोचलंय ते प्रत्येकाला माहीत होतं. दुसरा अभ्यास नेदरलँड्समधला, २०१७ साली प्रसिद्ध झालेला. चांगली तयारी असलेले ४८ हौशी सायकलस्वार घेतले. निम्म्यांना आठ आठवडे ईपीओ आणि निम्म्यांना सलाइन, कोणाला काय हे टोचणाऱ्यालाही माहीत नाही. शेवटी सगळ्यांना फ्रान्समधल्या माँ व्हाँतू या डोंगरावर शर्यतीला सोडलं. ईपीओवाल्यांची सरासरी १ तास ४० मिनिटं ३२ सेकंद, सलाइनवाल्यांची १ तास ४० मिनिटं १५ सेकंद. औषध घेतलेले उलट सतरा सेकंद मागे राहिले, म्हणजे प्रत्यक्षात फरक शून्य. प्रयोगशाळेत दम संपेपर्यंत जोर लावायच्या चाचणीत ईपीओवाले किंचित पुढे होते, पण लांब, दमवणाऱ्या शर्यतीत ती आघाडी टिकली नाही.

ग्लासगोच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट करून पाहिली. क्लब पातळीवरच्या पंधरा धावपटूंना 'ईपीओसारखं काम करणारं औषध' म्हणून निव्वळ मिठाचं पाणी टोचलं. तीन किलोमीटरमध्ये ते सरासरी सव्वा टक्क्याच्या आसपास, दहाएक सेकंदांनी सुधारले. त्यामुळे तुमचा ट्रेनर किंवा त्याचे गिऱ्हाईक 'मला फरक पडला' म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत असतील असं नाही. फरक कशाने पडला हे त्यांनाही कळायला मार्ग नाही. इंजेक्शन सुरू केलेला माणूस त्याच महिन्यात वेळेवर झोपायला लागतो, सकाळचा रन चुकवत नाही, दारू सोडतो. श्रेय सगळं बाटलीला जातं.

ग्रोथ हार्मोनबद्दल थोडक्यात. सिडनीत ९६ हौशी खेळाडूंवर झालेल्या चाचणीत आठ आठवड्यांनी सायकलवरच्या छोट्या स्प्रिंटची क्षमता सुमारे चार टक्के वाढली. ताकद वाढली नाही, ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमताही वाढली नाही. 'मसल' म्हणून जे वजन वाढलं, त्यात मोठा वाटा अंगात साचलेल्या पाण्याचा होता. सूज आणि सांधेदुखी ही नेहमीची तक्रार. औषध थांबवल्यावर सहा आठवड्यांनी तो चार टक्क्यांचा फायदाही उरला नव्हता. चार तास पळणाऱ्याला यात घेण्यासारखं काही नाही, आणि तिघांत सगळ्यात महाग हेच.

आता तुमच्या रिपोर्टकडे वळू. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दुपारपर्यंत उतरतं. खाल्ल्यानंतर आणखी खाली येतं. लांब पळून आल्यावर तर ते पडणारच. ३१८ हा आकडा तुम्ही या तिन्ही गोष्टी एकत्र करून काढलेला आहे, आणि तरीही तो काही मार्गदर्शक तत्त्वांमधल्या ३००च्या रेषेच्या वरच आहे. यावरून निदान होत नाही. पुन्हा तपासायचं तर सकाळी सात ते दहाच्या मध्ये, उपाशीपोटी, आदल्या दोन दिवसांत जोरात पळणं नाही, ताप-सर्दी नाही, आणि हे सगळं वेगवेगळ्या दोन दिवशी. दोन्ही वेळा कमी आलं तरच एलएच, एफएसएच, एसएचबीजी, प्रोलॅक्टिन आणि थायरॉइड या रक्ततपासण्यांचे रिपोर्ट घेऊन एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोनतज्ज्ञाकडे) जा. ट्रेनरकडे नको.

आणि खरंच थोडं कमी निघालं, तरी आधी झोपेकडे बघा. निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन दहा ते पंधरा टक्के घसरलं, असं २०११ च्या एका अभ्यासात दिसलं. तुम्ही वर्षानुवर्षं साडेपाच तास झोपताय. त्यात शाकाहारी जेवण, ऑफिसचं वेळापत्रक आणि ४५ किलोमीटर. जेवढं जळतं तेवढं खाल्लं जात नाही, ही धावणाऱ्या पुरुषांमधली फार नेहमीची गोष्ट. शरीर अशा वेळी हार्मोनचं उत्पादन स्वतःच आवरतं घेतं, आणि त्यावर उपाय ताटात असतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचे वाटलेले आकडे. तुमचा हाफ १:५० चा आहे. त्यावरून फुलचा अंदाज काढायच्या नेहमीच्या सूत्राने उत्तर येतं ३ तास ४९ मिनिटं. आठवड्याला ४५ किमी पळणाऱ्याला सूत्राचा आकडा सहसा गाठता येत नाही, म्हणून त्यात आठ-दहा मिनिटं मिळवू. तरी ३:५९ होतात. म्हणजे चार तासांच्या आत येण्याइतकं रक्त, हृदय आणि फुफ्फुस तुमच्याकडे आजच आहे. ईपीओ जे वाढवतं, त्याची तुम्हाला कमतरताच नाही.

मग बारा मिनिटं गेली कुठे? पहिला हाफ १:५६ म्हणजे किलोमीटरला साडेपाच मिनिटं. चार तासांसाठी लागतात ५:४१. तुम्ही सुरुवातीचे एकवीस किलोमीटर दर किलोमीटरला दहा-अकरा सेकंद जास्त वेगाने पळालात, आणि दुसरा हाफ ६:२७ ने ओढलात. मुंबईत पहाटे गार असतं, गर्दीचा जोर असतो, सी लिंकवर पाय आपोआप सुटतात. परत येताना ऊन आणि दमट हवा दोन्ही वाढलेली असतात. तेव्हा पहिले पाच किलोमीटर ५:५० ने, मग ५:४० च्या आसपास, आणि अर्ध्यावर २:०० च्या आसपास दिसलं पाहिजे. घड्याळावरचं अंतर रस्त्यावरच्या अंतरापेक्षा थोडं जास्तच भरतं, म्हणून घड्याळात ५:३८ धरून चाला. पेडर रोडवर वेग बघू नका, श्वास बघा.

दुसरी गळती इंधनाची. दोन जेल म्हणजे साधारण ५० ग्रॅम कर्बोदकं, तीही सव्वाचार तासांत. तासाला बारा ग्रॅम. लागतात तासाला ५० ते ६० ग्रॅम. तिसाव्या किलोमीटरला पाय जड होणं हा स्नायूंमधला ग्लायकोजेन (साठवलेली साखर) संपल्याचा अगदी ठरलेला नमुना आहे. अर्ध्या तासाच्या आतच पहिलं जेल, मग दर २५ ते ३० मिनिटांनी एक, प्रत्येक वेळी दोन-तीन घोट साध्या पाण्याबरोबर. जेल परवडत नसेल किंवा पचत नसेल, तर पाऊण लिटर पाण्यात ६० ग्रॅम साखर, एक लिंबू आणि पाव चमचा मीठ. एका तासाचं काम होतं. ओआरएसवर विसंबू नका. एक लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज फक्त साडेतेरा ग्रॅम असतं, ते जुलाबासाठी बनवलंय. आणि हे सगळं शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा करू नका, पोट बिघडेल. दर रविवारच्या लाँग रनला ३० ग्रॅमने सुरू करून सहा-आठ आठवड्यांत ६० वर न्या. शर्यतीच्या आधीचे दोन दिवस दिवसाला ५०० ग्रॅमच्या वर कर्बोदकं पोटात जायला हवीत. शिजलेल्या भाताच्या मोठ्या वाटीत साधारण ४० ग्रॅम असतात, त्यावरून हिशेब लावा: भात, पोहे, बटाटा, केळी, गूळ. डाळ-भाजी-सॅलड त्या दोन दिवसांत कमीच बरं.

रक्ताच्या बाबतीत तुम्ही एक तपासणी करायलाच हवी होती आणि ती कोणी सुचवली नाही: फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा. सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व. शाकाहारी धावपटूचं हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा रिकामा असू शकतो. तो रिकामा असेल तर ईपीओसुद्धा काम करत नाही, कारण पेशी बनवायला लोहच नसतं. फेरिटिन ३० च्या खाली आलं तर डॉक्टरांशी बोलून लोहाची गोळी एक दिवसाआड घ्या. आपल्याकडच्या फेरस अ‍ॅस्कॉर्बेटच्या गोळीत सहसा १०० मिलिग्रॅम लोह असतं, रोज घेतल्याने फारसं जास्त शोषलं जात नाही आणि बद्धकोष्ठ होतं. गोळी सकाळी घ्या, चहा-कॉफी त्यानंतर तासभर नको. पळून झाल्यावर तीन ते सहा तासांनी शरीर लोह नीट घेत नाही, म्हणून रनच्या आधी किंवा संपताक्षणी. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. चाळिशीतल्या पुरुषाचं लोह कमी निघालं तर ते जातंय कुठे हेही बघावं लागतं: मूळव्याध, अल्सर, जंत. आणि लाल पेशी आकाराने लहान पण फेरिटिन उत्तम असं दिसलं, तर थॅलेसेमिया मायनरची तपासणी करून घ्या. तिथे लोहाच्या गोळीचा उपयोग नाही.

सरावात मोठा बदल नको. ४५ वरून ६० किमीपर्यंत चार महिन्यांत जा, दोन-तीन आठवड्यांनी पाच किलोमीटर वाढवत, चौथा आठवडा हलका. इझी रन ६:३० ते ७:०० ने, बोलता आलं पाहिजे. बहुतेक हौशी धावपटू इथेच चुकतात: इझी रन मध्यम वेगाने पळतात आणि मग वेगाच्या दिवशी पायात काही उरत नाही. प्रथिनं दिवसाला १०० ग्रॅमच्या पुढे न्या. वाटीभर घट्ट वरणात सहा-आठ ग्रॅमच असतात, म्हणून पनीर, सोया वड्या, दही यांची भर लागेल. कॉफी चालत असेल तर शर्यतीआधी तासभर २०० मिलिग्रॅम कॅफीन. त्यामागे भरपूर पुरावा आहे आणि त्यावर बंदीही नाही.

आता 'थोडा डोस'. शरीर स्वतः आठवड्याला साधारण ३५ ते ५० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन बनवतं. २५० मिलिग्रॅम एनॅन्थेटमधून सुमारे १८० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन मिळतं, म्हणजे जवळजवळ चौपट. बाहेरून इतकं आलं की मेंदू वृषणांना आदेश देणं थांबवतो. जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांच्या गर्भनिरोधकाची चाचणी केली, तेव्हा आठवड्याला २०० मिलिग्रॅम एनॅन्थेटच वापरलं होतं. सहा महिन्यांत निम्म्याहून जास्त पुरुषांच्या वीर्यात एकही शुक्राणू उरला नाही. तुम्हाला सुचवलेला डोस गर्भनिरोधकाच्या डोसापेक्षा जास्त आहे, आणि तुम्ही दुसऱ्या मुलाचा विचार करताय. थांबवल्यावर बहुतेकांचं पूर्ववत होतं, पण त्याला काही महिने लागतात, काहींना दोन वर्षं. पत्नीच्याही वयाची ती दोन वर्षं असतील. म्हणून हे तिच्यापासून लपवण्याजोगं नाही. कोर्स घ्यायचा नाही असं ठरवलंत तरी या विचारापर्यंत का आलात, ते तिला सांगा. झोपेचं आणि जेवणाचं वेळापत्रक बदलायला तिची मदत लागणारच आहे.

टेस्टोस्टेरॉनने रक्तही दाट होतं, त्यावर ईपीओ. एरवी ते सहन होईलही, पण तुम्ही त्याच रक्ताने चार तास घाम गाळणार आहात. पाणी कमी झालं की रक्त आणखी दाट होतं आणि गुठळीचा धोका वाढतो. शिवाय ईपीओ दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं. जिमच्या बॅगेतून आलेल्या कुपीचं काय झालंय हे कोणालाच माहीत नसतं. खराब झालेल्या किंवा बनावट औषधाने शरीर ईपीओविरुद्ध प्रतिपिंडं बनवू शकतं, ती स्वतःच्या ईपीओलाही मारतात आणि रक्त बनणंच थांबतं. हे क्वचित घडतं, पण घडलेलं आहे.

'सगळे घेतात' हे तुम्हाला कोणी सांगितलं तेही बघा. ज्याला कुपी विकायची आहे त्याने. एक गोष्ट मात्र खरी की आपल्याकडे ही समस्या मोठी आहे: जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२३ च्या आकडेवारीत भारताचे ५,६०६ पैकी २१३ नमुने दोषी निघाले, प्रमाण ३.८ टक्के. 'मी पदकाला जात नाही' हा बचाव नियमांत नाही. हौशी खेळाडूला शिक्षेत काही सवलत मिळू शकते, माफी नाही. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकणंही बेकायदा आहे.

पोलीस भरतीच्या १६०० मीटरची तयारी करणाऱ्या मुलांनीही हे वाचावं. मैदानावर हार्मोनखेरीज मेफेन्टरमाइनची इंजेक्शनंही फिरतात. शस्त्रक्रियेत रक्तदाब घसरला तर भूलतज्ज्ञ ते वापरतात. ते टोचून पळाल्यास हृदयाची लय बिघडून मैदानावरच कोसळायची वेळ येऊ शकते, आणि त्याचं व्यसनही लागतं. वाढीच्या वयात टेस्टोस्टेरॉनसारखं स्टेरॉइड घेतलं तर हाडांची टोकं लवकर बंद होऊन उंची खुंटते. मुलींचा आवाज जाड झाला तर तो परत पूर्ववत होत नाही.

ज्यांनी आधीच सुरू केलंय त्यांनी घाबरून डॉक्टरांपासून लपवू नका. काय, किती, किती आठवडे हे स्पष्ट सांगा. सीबीसीत हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) ५४ टक्क्यांच्या वर असेल तर पळणं थांबवून लगेच दाखवा. पोटरी एकाच बाजूला सुजली, छातीत दुखलं, अचानक धाप लागली तर थेट इस्पितळात जा. इंजेक्शनच्या जागी लाल, गरम गाठ आणि ताप आला तर सर्जनकडे. बंद केल्यावर काही आठवडे मन फार उदास होऊ शकतं, घरच्या एकाला तरी हे माहीत असू द्या. लिपिड आणि लिव्हरच्या तपासण्या आत्ता करा. शेवटच्या इंजेक्शननंतर तीन महिन्यांनी सकाळचं टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच आणि वीर्यतपासणी करा, कारण नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात. मधल्या काळात कोणी 'सिस्टीम सुरू करायला' म्हणून क्लोमिफीनच्या गोळ्या देऊ केल्या तर स्वतःच्या मनाने घेऊ नका. त्याही बंदीच्या यादीत आहेत, आणि कोणाला, कधी, किती द्यायच्या हे रिपोर्ट बघून एंडोक्रायनॉलॉजिस्टच ठरवू शकतो.